दिवाडी : जेथे जाण्यास तिकीट लागत नाही

इटारसी-नागपूर लोहमार्गावर चिचोंडा ते तिगाव हा सातपुड्याच्या घाटाचा टप्पा आहे. पठारावरून उतरलेली गाडी तिगावला खाली येते आणि पुढे पांढुर्णा, नरखेड, काटोल अशी गावे मागे टाकीत नागपूरकडे निघून जाते. बहुतेक जलद गाड्या तिगावला थांबत नाहीत. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाने त्यांच्या खिडक्यांतील चेहरे क्षणभर पाहावे, इतकाच त्या गाड्यांचा आणि गावाचा संबंध. या भागातील माणूस प्रवास करीत नाही असे नव्हे. दवाखाना, बाजार, सोयरीक आणि देवदर्शन या निमित्तांनी त्याचे नागपूर, शेगाव, पंढरपूर होतच असते. परंतु केवळ पाहण्यासाठी म्हणून घर सोडावे, आणि तेही सातपुड्याच्या पायथ्यापासून थेट एखाद्या बेटापर्यंत जावे, हा विचार सहसा मनात येत नाही. आला तरी खर्चाच्या भीतीने तो तेथेच विरतो.

ही भीती अगदीच निराधार म्हणता यावयाची नाही. मराठी माणसाच्या ओळखीची जी बेटे आहेत, त्यांपैकी अंदमानला विमानाने किंवा जहाजाने जावे लागते. मुंबईजवळच्या घारापुरीस जावयाचे तर लाँचचे भाडे आणि लेण्यांचे प्रवेशशुल्क पडते. जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग या जलदुर्गांना जाण्यासाठीही होडीचे पैसे मोजावे लागतात. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाने असा हिशेब मांडला की बेट राहते बाजूला आणि हिशेबाचा कागदच तेवढा हाती उरतो.

गोव्यातील दिवाडी बेटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मांडवी नदीच्या मुखाकडील भागात, जुने गोवे या ऐतिहासिक नगरासमोर हे बेट आहे. त्यावर जाण्यासाठी गोवा शासनाच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी चालतात आणि पायी येणाऱ्या प्रवाशाकडून त्या भाडे घेत नाहीत. बेटावर उतरल्यानंतर जे पाहण्यासारखे आहे, त्यासही तिकीट नाही. गोव्यापर्यंतचे रेल्वेभाडे आणि दोन वेळचे जेवण यांची सोय ज्याने केली, त्याने दिवाडीचा खर्च केल्यातच जमा आहे.

तिगावकडून जाणाऱ्यास एक सोयीचा मार्ग इटारसीचा आहे. हजरत निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस इटारसीस मिळते. भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज, लोंढा या मार्गाने ती मडगावला पोहोचते. लोंढा सोडल्यानंतर कॅसलरॉक ते कुळे हा सह्याद्रीतील घाट लागतो आणि दूधसागरचा धबधबा रुळालगतच कोसळताना दिसतो. उजेडात गाडी त्या टप्प्यातून गेली तर जागेवर बसूनच हे दृश्य पाहावयास मिळते. धबधब्यासाठी मध्येच रुळावर उतरण्यास रेल्वेची मनाई आहे. चिचोंड्याचा घाट रोज पाहणाऱ्या माणसाला त्याचे कारण समजावून सांगावे लागू नये. मडगावहून बसने पणजी व तेथून जुने गोवे गाठता येते. कोकण रेल्वेच्या ज्या गाड्या करमळी स्थानकावर थांबतात, त्यांनी गेल्यास तेथून जुने गोवे पायी जाण्याइतके जवळ आहे.

कोकण रेल्वेचा हा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला, आणि त्याचा एक तुकडा दिवाडी बेटावरूनच जातो. बेटावर स्थानक मात्र नाही. थिवी ते करमळी प्रवास करणारी हजारो माणसे हे बेट ओलांडून जातात, खिडकीतून भाताची खाचरे पाहतात आणि पाहता पाहता नदीच्या दुसऱ्या काठाला लागतात. तिगावच्या माणसाला दिवाडीकराचे हे दुःख सर्वांत आधी उमगेल.

जुने गोवे ही एके काळची पोर्तुगीज सत्तेची राजधानी. तेथील चर्चवास्तूंचा समावेश १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. बॉम जेझूस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव अवशेष जतन केलेले आहेत. ते १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निवर्तले. ही वास्तू १६०५ साली समर्पित करण्यात आली. समोरच्या बाजूस से कॅथेड्रल आहे. दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. ही उपासनास्थळे आहेत हे ध्यानात ठेवून अंगभर कपडे आणि शांतता एवढे पाळावे. नदीच्या धक्क्याकडे जाताना जांभ्या दगडाची एक कमान लागते. वास्को-द-गामा याचा पणतू फ्रान्सिस्को-द-गामा हा गोव्याचा व्हाइसरॉय असताना, १५९७ च्या सुमारास, ती उभारण्यात आली. नवा व्हाइसरॉय याच कमानीतून नगरात प्रवेश करीत असे. आज तिच्याखालून बाजाराच्या पिशव्या घेतलेली माणसे फेरीबोटीकडे जातात.

फेरीबोट हे वाहन सातपुड्याकडच्या मुलांनी क्वचितच पाहिलेले असते, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ती सपाट तळाची लोखंडी नाव असते. काठाशी आली की तिचे तोंड खाली पडते आणि त्याचाच उतार बनतो. त्यावरून आधी आतील माणसे आणि वाहने बाहेर पडतात, नंतर काठावरची आत शिरतात. बसण्याची जागा थोडी. बहुतेक जण उभेच राहतात. चारचाकीस भाडे असते. नदी ओलांडण्यास काही मिनिटेच पुरतात, पण तेवढ्यात मांडवीचे रुंद पात्र, काठावरची खारफुटी, पाण्यावर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार आणि मागे लहान होत जाणारे जुन्या गोव्याचे मनोरे एवढे सारे दिसून जाते.

ही सेवा प्रवाशांच्या करमणुकीसाठी नाही, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. बेटावरील विद्यार्थी, नोकरदार, मासळी विकणाऱ्या बाया, आजारी माणसे या सर्वांचा तो रस्ता आहे. रस्त्यावरून चालण्याचे पैसे कोणी घेत नाही, त्याच न्यायाने या बोटीचे भाडे नाही. बेटाला पूल असावा की नसावा, याविषयी बेटवासीयांत पूर्वीपासून मतभेद आहेत. पूल झाला तर दवाखाना जवळ येईल, असे एक पक्ष म्हणतो. मोटारींबरोबर जमिनीचे दलालही येतील, असे दुसरा म्हणतो. पाहुण्याने या वादात पडू नये. मात्र सकाळी आणि सायंकाळी गर्दीच्या वेळी बोटीच्या तोंडाशी छायाचित्रे काढीत उभे न राहता बेटवासीयांना आधी वाट करून द्यावी. शेवटची बोट किती वाजता सुटते हे उतरतानाच विचारून ठेवावे.

दिवाडी तिसवाडी तालुक्यात येते. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या किंवा वस्त्यांचा प्रदेश. शिक्षकांना भूगोलाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगता येईल. तिगाव आणि दिवाडी ही दोन्ही ठिकाणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहेत. तरीही पांढुर्णा-सौंसर भागाच्या सुमारे तिप्पट पाऊस गोव्याच्या किनाऱ्यावर पडतो. एकीकडे संत्र्याच्या बागा जगविण्यासाठी विहिरी आणि कूपनलिका खोल खोल न्याव्या लागतात, तर दुसरीकडे चहूबाजूंनी पाणीच पाणी. पण हे पाणी खारे आहे. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नदीत चढते आणि शेतात शिरू पाहते. सातपुड्याच्या पायथ्याशी शेतकऱ्याची धडपड पाणी आणण्यासाठी असते, दिवाडीवर ती पाणी अडवून बाहेर ठेवण्यासाठी.

ही धडपड डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे आणि शेतकऱ्याला तरी या बेटावरील दुसऱ्या कोणत्याही स्थळापेक्षा ती अधिक रुचावी. बेटाच्या सखल कडांना खाजण जमिनी आहेत. नदीच्या बाजूने मातीचे लांब बांध घालून ही जमीन भरतीच्या पाण्यापासून सोडविलेली आहे. बांधात ठिकठिकाणी दारे असतात. त्यांना तेथे ‘मानस’ म्हणतात. मानसाची लाकडी झडप अशी बसविलेली असते की भरतीच्या पाण्याचा दाब आला म्हणजे ती आपोआप मिटते आणि ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली म्हणजे आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. तिला इंजिन लागत नाही, वीज लागत नाही. पावसाळ्यात आतील पाणी गोडे होते आणि भात पिकते. खारेपणा सोसणारे ‘कोरगुट’ हे भाताचे जुने वाण याच जमिनींचे. पाणी बाहेर सोडताना दाराशी जाळे लावून मासळी धरतात. बांधांची देखभाल पूर्वी गावकारी, म्हणजे गावच्या मूळ शेतकरी घराण्यांची संस्था, सामाईकपणे पाहत असे. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर एकट्याचे नव्हे, सगळ्यांचेच शेत खारावते. मनुष्यबळाच्या अभावी पुष्कळ ठिकाणी ही देखभाल ढिली पडली आहे आणि फुटलेल्या बांधांमागे जेथे भात होत असे तेथे आता खारफुटी माजलेली दिसते. ओहोटीच्या वेळी मानसाशी दहा-पंधरा मिनिटे उभे राहिले तर झडप उघडून पाणी बाहेर धावताना पाहावयास मिळते. शाळेच्या सहलीस याहून चांगला विज्ञानाचा पाठ सापडणे कठीण.

बांधावरून चालताना बगळे, खंड्या, पाणकावळे हे पक्षी सहज दिसतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे पक्षीही उतरतात. शेजारच्या चोडण बेटावर सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली घोषित झाले. तेथे प्रवेशशुल्क आहे, दिवाडीच्या बांधावर नाही. मात्र पाण्यात उतरू नये. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि खारफुटीखालचा चिखल वरून दिसतो त्यापेक्षा खोल असतो.

बेटाच्या मध्यभागी टेकडीवर पियेदाद येथील करुणामातेचे चर्च आहे. तेथपर्यंत चढून गेल्यास मांडवीची वळणे, हिरवी खाचरे, लोहमार्ग आणि पलीकडे जुन्या गोव्याचे शुभ्र मनोरे हे सर्व एका नजरेत येते. चर्चजवळच्या दफनभूमीत एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या छताला कदंब राजवटीच्या काळातील देवळाचे कोरीव काम आढळते. एकाच चौथऱ्यावर दोन धर्मांचे अवशेष असे शेजारी उभे आहेत. खाली उतरताना रस्त्याच्या दुतर्फा जुनी पोर्तुगीज वळणाची घरे लागतात. त्यांच्या ओसऱ्यांवर माणसे संध्याकाळी गप्पा करीत बसलेली असतात. घरे पाहण्यास पैसे लागत नाहीत, म्हणून कोणाच्या ओसरीवर चढून छायाचित्र काढावे असा त्याचा अर्थ नव्हे.

आता पांढुर्णा भागातील माणसाने दिवाडीस जावे याचे जे विशेष कारण आहे, त्याकडे वळू.

ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर ‘बोंदेरां’ नावाचा उत्सव होतो. पोर्तुगीज भाषेत ‘बांदेइरा’ म्हणजे ध्वज. त्यावरून हे नाव पडले. परंपरा अशी सांगतात की, बेटावरील वाड्यांमध्ये हद्दींवरून वारंवार तंटे होत आणि ते कधीकधी रक्तपातापर्यंत जात. पोर्तुगीज सत्तेने हद्दी दाखविण्यासाठी जागोजागी निशाणे रोवली. लोकांना ती रुचली नाहीत. त्यांनी दगड मारून ती पाडण्यास सुरुवात केली. त्या धुमश्चक्रीची आठवण म्हणून आज प्रत्येक वाडा आपापला ध्वज घेऊन वाजतगाजत मिरवणूक काढतो आणि सजविलेले चित्ररथ रस्त्यावरून जातात. लढाईही होते, पण लुटुपुटीची. बांबूच्या नळीचे एक खेळण्यातले हत्यार असते. त्याला ‘फोटाश’ म्हणतात. नळीत झाडाची लहान हिरवी फळे घालून दांड्याने रेटली की आवाज होऊन फळ उडते. ते लागले तर चुरचुरते, एवढेच. मुले दिवसभर एकमेकांवर असा मारा करतात आणि मोठी माणसेही त्यात वय विसरतात. हा उत्सव भर रस्त्यात होतो आणि पाहुण्याला त्यात मज्जाव नाही.

निशाण, दोन पक्ष, दगड आणि श्रावण-भाद्रपदाचे दिवस. पांढुर्ण्याच्या माणसाला हे वर्णन वाचून काय आठवेल ते सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर ध्वज बांधतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मध्ये दिवसभर दगडांचा वर्षाव. ध्वज हाती आल्यावर तो चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो. दोन गावांच्या मुला-मुलीच्या प्रेमाची कथा या गोटमारीमागे सांगतात. प्रत्येक वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर अनेकांनी प्राण गमावले असून काही घरांत पोळ्याचा सण त्यानंतर कायमचा उणा झाला आहे. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते स्वीकारले नाहीत. चेंडू कचेरीतून आले होते, हेही त्याचे एक कारण असू शकेल. दिवाडीवरची फळे आणि बांबूची नळी कोणत्याही कचेरीतून आलेली नाहीत. ती बेटावरच्याच रानातली आहेत, आणि पोरे ती स्वतःच्या हाताने तयार करतात.

२०२५ साली एक योगायोग घडून आला. पोळ्याचा दुसरा दिवस २३ ऑगस्टला आला आणि तोच ऑगस्टचा चौथा शनिवार होता. अशा वर्षी दोन्ही ठिकाणी एकाच माणसाला उपस्थित राहता येणे शक्य नाही. पण बहुतेक वर्षी पोळा आणि बोंदेरां यांत काही दिवसांचे अंतर पडते. पांढुर्ण्याच्या किंवा सावरगावच्या तरुण मंडळींनी, गावच्या पंचांनी, शिक्षकांनी एखाद्या वर्षी तेथे जाऊन हा उत्सव पाहावा. त्याचे तिकीट नाही आणि कोणी उपदेशही करणार नाही. पाऊस मात्र भरपूर असेल. छत्री आणि चिखलात न रुतणारी पादत्राणे न्यावीत. त्या दिवशी फेरीबोटींवर फार गर्दी होते, म्हणून सकाळीच बेटावर पोहोचलेले बरे.

उत्सवाची गर्दी नको असेल त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बेटावर पायी हिंडण्यास एक दिवस पुरतो. पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे. सकाळी सायकलवरून भोंपू वाजवीत पाव विकणारा ‘पोदेर’ भेटला तर त्याच्याकडून ताजा पाव घ्यावा. थोडे पैसे खर्च करण्यास दिवाडीवर ही योग्य जागा आहे. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या परत नेण्याचे पथ्य प्रत्येकाने पाळावे. बांधावर टाकलेली पिशवी ओहोटीबरोबर मानसाच्या दारात जाऊन अडकते आणि मग झडप नीट मिटत नाही.

परतताना आल्या वाटेनेच जुन्या गोव्यास जाण्याची आवश्यकता नाही. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे नावाचे गाव आहे. कदंब राजांचे आराध्य दैवत श्री सप्तकोटीश्वर याचे मूळ मंदिर येथेच होते. कदंबांच्या बिरुदावलीत आणि नाण्यांवर या देवाचे नाव येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते मंदिर पाडण्यात आले. कोटितीर्थ नावाच्या जुन्या तळ्याच्या खुणा तेथे अजून दिसतात. भाविकांनी लिंग नदीपलीकडे नेले आणि डिचोली तालुक्यात त्याची स्थापना केली. त्या गावालाही पुढे नार्वे हेच नाव मिळाले. देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून गेले, असे म्हणता येईल. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला आणि तसा शिलालेख मंदिराच्या दारावर आहे. गोवा शासनाने केलेल्या नूतनीकरणानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत मंदिर पुन्हा खुले झाले.

बेटावरच्या नार्व्याहून पलीकडच्या नार्व्याला फेरीबोट आहे. तिलाही तिकीट नाही. पलीकडे उतरून मंदिरापर्यंत चालत जाता येते. दर्शन झाल्यावर डिचोलीची बस धरावी आणि तेथून म्हापसा किंवा पणजी गाठावी.